‘पेशंटला घेऊनच या’ म्हणण्याआधी

मंगळवारी दुपारी तीन ते साडेचार राहुकाळ असतो. आपल्याकडे या वेळेत कुणी नव्या कामाला हात घालत नाही. बंगळुरूच्या बनशंकरीत मात्र याच वेळी माणसं घराबाहेर पडतात. कनकपुरा रस्त्यावरच्या बनशंकरी अम्माच्या देवळात लिंबाची अर्धी साल उलटी करून तिच्यात दिवा लावायचा तो राहुकाळातच. त्यामुळे मंगळवारी देवळापासून मेट्रो स्टेशनापर्यंत नुसत्या रिक्षा, फुलवाल्या आणि घाईत निघालेल्या बायका. आमच्या डॉक्टरांनी माझ्या भावाला दिलेली वेळही मंगळवारी चारचीच होती.

भाऊ एक्केचाळीस वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. आई-वडील गेल्यावर २०१८ मध्ये मी त्याला मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने इथे माझ्याकडे आणलं. गाडी त्याला आवडली, बंगळुरूही आवडलं, फक्त इथले हॉर्न आवडले नाहीत. गोंगाट वाढला की तो दोन्ही कानांत बोटं घालतो आणि असेल तिथे खाली बसतो. त्र्याहत्तर किलोचा माणूस फुटपाथवर मांडी घालून बसला की त्याला उठवायला माझ्या विनवण्या पुरत नाहीत, ताकद तर नाहीच नाही. लोक गोळा होतात. कुणी पाण्याची बाटली पुढे करतं, कुणी मोबाइल काढून चित्रण करतं.

असं करत दवाखान्यात पोहोचायचं. तिथे टोकन, मोठ्या आवाजात लावलेला टीव्ही, शेजारी रडणारं मूल. दीड तासाने आत बोलावलं की आधी रक्तदाब. तो वर गेलेला असणारच. दोन खेपांना वर सापडला म्हणून गोळी सुरू झाली आणि हा घरी सकाळी उठताना भेलकांडायला लागला. घरात, त्याच्या नेहमीच्या खुर्चीत बसवून मी मोजला तेव्हा त्याचा रक्तदाब माझ्याहून चांगला निघाला. डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांनी समोर आलेला माणूस तपासला. पण त्या माणसाला रस्त्याने आणि वेटिंग हॉलने आधीच पार पिळून काढलं होतं.

मग २०२० आलं. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच दिवशी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. पुढच्याच महिन्यात आमच्या डॉक्टरांचा निरोप आला, ‘व्हिडिओवर बोलू.’ भावाने त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसला. डॉक्टर पडद्यावर दिसले आणि त्यांनी बंगळुरूत कुणीही कुणालाही विचारतं तेच विचारलं, ‘ऊट आयता?’ जेवण झालं का? हा म्हणाला, ‘आयतु,’ आणि पुरावा म्हणून आत जाऊन स्वतःची रिकामी थाळी घेऊन आला. दोन वर्षांत डॉक्टरांनी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. रक्तदाबाची गोळी पुढच्या पंधरवड्यात, घरच्या मोजणीवर लक्ष ठेवून, हळूहळू बंद झाली.

मला या लेखात जे वाचवायला सांगायचं आहे ते हेच. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ माणसाला त्याच्या घरात, त्याच्या खुर्चीत, त्याच्या माणसांमध्ये डॉक्टरांनी पडद्यावरून पाहण्याची सोय. ती आज आपल्या हातून निसटते आहे.

भावाचं नाव लिहीत नाही, याचं कारण सांगते. मी त्याला विचारलं होतं, ‘तुझ्याबद्दल लिहू का?’ तो म्हणाला, ‘लिही.’ ‘नाव घालू?’ तर मान हलवून म्हणाला, ‘नको.’ चाळिशी ओलांडलेल्या माणसाने नको म्हटलं की विषय संपला. आपल्याकडे अशा माणसांना पन्नाशीतही ‘मूल’ म्हणतात आणि त्यांच्या वतीने सगळं परस्पर ठरवून टाकतात, म्हणून हे आवर्जून सांगितलं.

त्यांची आरोग्यातली अडचण इथूनच सुरू होते. लहानपणी बालरोगतज्ज्ञ असतो, विशेष शाळा असते, शाळेत थेरपिस्ट येतात. अठरा पूर्ण झाली की ही सगळी दारं एकेक करून बंद होतात. पुढे मोठ्यांचे डॉक्टर. त्यांच्यापैकी बहुतेकांना शिक्षणाच्या काळात असा प्रौढ रुग्ण क्वचितच भेटलेला असतो. मनोविकारतज्ज्ञांकडे जावं, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमतेला वेगळं काढलं आहे. ते योग्यच आहे, कारण हा आजार नव्हे. पण रोजच्या व्यवहारात त्याचा अर्थ असा होतो की हा माणूस नक्की कुणाचा रुग्ण, हे कुणालाच धड सांगता येत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात अशा व्यक्तींची नोंद पंधरा लाखांवर होती. त्यांतली त्या वेळची मुलं आज मोठी झाली आहेत आणि त्यांचे आई-वडील म्हातारे.

दुसरी अडचण जास्त घातक. अशा माणसाला काही दुखलं-खुपलं तर तो ते शब्दांत सांगेलच असं नाही. तो जेवण ढकलतो, भिंतीवर डोकं आपटतो, रात्रभर जागतो, कपडे बदलायला नकार देतो. आणि आपण म्हणतो, ‘यांचं असंच असतं. हट्टी झालाय.’ दाढ किडलेली असते, बद्धकोष्ठतेने पोट दगडासारखं झालेलं असतं, कानात पू असतो. पण दिसते ती फक्त अक्षमता, आणि तिच्या सावलीत आजार लपून राहतो. ब्रिटनमध्ये या माणसांच्या मृत्यूंची रीतसर चौकशी झाली. २०१३ मध्ये आलेल्या त्या अहवालात दिसलं, की बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतरांपेक्षा सरासरी तेरा वर्षं आणि स्त्रिया वीस वर्षं आधी जातात. मोफत सरकारी आरोग्यसेवा असलेल्या देशातली ही गोष्ट. आपल्याकडची तर कुणी मोजतही नाही.

आमच्या घरातही अशीच सावली पडली होती. २०२२ च्या पावसाळ्यात भाऊ चिडचिडा झाला. स्वयंपाकघरात यायला तयार नसे, बाहेर फिरायला नको म्हणे, जिन्यावर हटून बसे. मला वाटलं, वय झालं. नवऱ्याला वाटलं, लाडावला. महिन्याच्या व्हिडिओ-तपासणीत मी हे गाऱ्हाणं मांडलं. डॉक्टर म्हणाले, ‘फोन हातात धरा आणि त्याला बैठकीतून स्वयंपाकघरात चालत यायला सांगा.’ तो निघाला. उंबऱ्यापाशी थांबला, चौकट धरली, पाय पुढे करून जमीन चाचपली आणि मग आत आला. डॉक्टरांनी पुन्हा एकदा चालायला लावलं आणि एवढंच म्हणाले, ‘हा हट्ट नाही. त्याला उंबरा दिसत नाहीये. डोळे दाखवा.’ दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डाउन सिंड्रोममध्ये तो लवकर होतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दवाखान्याच्या सपाट फरशीवर, दाराला उंबरा नसलेल्या खोलीत, ही गोष्ट कुणाला कशी दिसली असती?

शस्त्रक्रिया अर्थातच दवाखान्यात झाली. पडद्यावरून मोतीबिंदू निघत नाही. पण ज्या एका फेरीसाठी त्याला गर्दीतून न्यायचं, ती फेरी नेमकी कशासाठी आणि कुणाकडे, हे पडद्याने सांगितलं. आधीच्या वर्षांत आम्ही अशा दहा फेऱ्या अंदाजाने मारल्या होत्या.

आणि आता? गेल्या दिवाळीनंतर स्वागतकक्षातून निरोप आला, ‘मॅडम, पुढच्या महिन्यापासून व्हिडिओ बंद. पेशंटला घेऊनच या.’ मी कारण विचारलं. ‘पॉलिसी,’ असं उत्तर आलं. मग ओळखीच्या पालकांना फोन केले. कुठे व्हिडिओची वेळ आठवड्यातून दोनदा होती ती महिन्यातून एकदा झाली. कुठे फक्त नव्या रुग्णांसाठी ठेवली, म्हणजे आमच्या उपयोगाची नाही. कुठे ‘सर आता व्हिडिओ घेत नाहीत’ एवढंच. आदेश कुणीच काढलेला नाही. घरातलं जुनं भांडं वापरात राहिलं नाही की आधी माळ्यावर जातं आणि मग एक दिवस मोडीत निघतं, तसं चाललं आहे.

म्हणून आधी हे नीट समजून घेऊ, की या सोयीला कायद्याने मनाई झालेली नाही. २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांना परिशिष्ट म्हणून जोडली गेली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले, पण त्याच महिन्यात ते स्थगित केले. नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही भागातल्या रुग्णाला दूरस्थ सल्ला देऊ शकतो. प्रत्यक्ष तपासणीनंतर सहा महिन्यांच्या आत त्याच तक्रारीसाठी केलेला सल्ला ‘फॉलो-अप’ धरला जातो. डॉक्टरांना नेहमीसारखी फी घेता येते, पावती द्यावी लागते. रुग्णाच्या वतीने घरच्या माणसाने बोलण्याचीही तरतूद आहे. विमा नियामकाने तर जून २०२० मध्येच कंपन्यांना कळवलं, की जिथे डॉक्टरांच्या सल्ल्याचा खर्च विम्यात बसतो तिथे दूरस्थ सल्लाही धरावा. त्याच वर्षी बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था, इंडियन सायकियाट्रिक सोसायटी आणि टेलिमेडिसिन सोसायटी ऑफ इंडिया यांनी मिळून मनोविकारतज्ज्ञांसाठी दूरस्थ तपासणीची वेगळी कार्यपद्धती तयार केली. निम्हान्स आमच्या घरापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. म्हणजे वाट दाखवणारे इथेच बसलेत.

बंगळुरू तर या विद्येचं माहेरघर. या शतकाच्या सुरुवातीला इस्रोने उपग्रहाच्या मदतीने टेलिमेडिसिनचे प्रयोग केले, तेव्हा चामराजनगरचं जिल्हा रुग्णालय इथल्या नारायण हृदयालयाशी जोडलं गेलं होतं. आमच्या बनशंकरीला लागून इस्रो लेआउट आहे, तिथल्या बाकांवर संध्याकाळी निवृत्त शास्त्रज्ञ गप्पा मारत बसतात. आकाशातून हृदयाचा आलेख पाठवणाऱ्या या शहरात आज मोबाइलवरून एका माणसाचं चालणं दाखवायला वेळ मिळू नये?

डॉक्टरांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण त्यांच्याविना हे होणार नाही. त्यांची भीती खोटी नाही. २०१८ मध्ये रत्नागिरीतल्या एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. डॉक्टर हजर नसताना फोनवरून औषधं सांगितली गेली होती. त्या निकालानंतर अनेक डॉक्टरांनी फोनवर ‘क्रोसिन घ्या’ म्हणणंही सोडलं. दोन वर्षांनी आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्यांना पायाखाली जमीन दिली खरी, पण मनातली धास्ती इतक्या लवकर जात नाही. शिवाय लोकांनीही या सोयीची दुर्दशा केली. ठरलेल्या वेळी फोन लावायचा नाही, रात्री अकराला अहवालांचे फोटो धाडायचे, रुग्ण झोपलाय म्हणून शेजारणीने बोलायचं, बाजारात उभं राहून व्हिडिओ सुरू करायचा. नेटवर्क तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णाच्या तपासणीला तर दुप्पट वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही.

पडद्याच्या मर्यादाही आहेत. छातीला स्टेथोस्कोप लावता येत नाही, पोट दाबून पाहता येत नाही, दाढ ठोकून बघता येत नाही. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, थायरॉइड मंदावलेलं असतं, झोपेत श्वास अडकतो, ऐकू कमी येतं. यांतल्या बहुतेक गोष्टींना हात, यंत्र किंवा रक्ततपासणी लागते. काही झोपेची आणि नशा आणणारी औषधं दूरस्थ सल्ल्यावर लिहून देण्यावर बंधनं आहेत आणि ती असायलाच हवीत. घरात कुणी त्याला मारत असेल, उपाशी ठेवत असेल, तर मारणाऱ्याच्याच हातातल्या कॅमेऱ्याने ते दिसणार नाही. म्हणून प्रत्यक्ष तपासणी बंद करा असं मी म्हणत नाही. सहा महिन्यांतून एकदा समोरासमोर, मधल्या महिन्यांत पडद्यावर, आणि पडद्यावर शंका आली की लगेच समोरासमोर, इतकी साधी मागणी आहे. नियमातल्या सहा महिन्यांच्या मुदतीत ती चपखल बसते.

चाळिशीनंतर या मधल्या महिन्यांचं मोल आणखी वाढतं. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाला अल्झायमरचा धोका इतरांपेक्षा कितीतरी लवकर सुरू होतो, कारण जे एकविसावं गुणसूत्र त्याच्याकडे जास्तीचं आहे त्याच्यावरच या रोगाशी संबंधित एक जनुक असतं. आता याचं निदान करायचं कसं? ‘आज तारीख काय, पंतप्रधान कोण’ हे प्रश्न माझ्या भावाला विसाव्या वर्षीही आले नसते. त्याच्या बाबतीत तुलना फक्त त्याच्याशीच करता येते. कालपर्यंत तो शर्टाची पाचही बटणं लावत होता, आज तीन लावतो का? पूर्वी चहात साखर घालून ढवळायचा, आता नुसतीच घालतो का? दर महिन्याला त्याला बघणारा एकच डॉक्टर असेल, तर हा फरक त्याच्या ध्यानात येईल. वर्षाकाठी एकदा घाबरलेल्या अवस्थेत समोर येणाऱ्या रुग्णावरून तो कुणालाच कळणार नाही. फिट्सचंही तसंच. बौद्धिक अक्षमता असलेल्या साधारण पाचांतल्या एकाला मिरगी असते आणि फिट कधीच डॉक्टरांच्या वेळेनुसार येत नाही. घरी मोबाइलवर घेतलेलं अर्ध्या मिनिटाचं चित्रण तज्ज्ञाला माझ्या अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतं.

भाषेचा मुद्दा आपल्या मराठी घरांना नीट कळेल. भावाला कन्नड दोन-चार शब्दांपलीकडे येत नाही, हिंदी समजत नाही. तो ‘आत चावतंय’ म्हणतो तेव्हा त्याला छातीत जळजळ होत असते, आणि ‘डोकं गरम’ म्हणजे डोकेदुखी. मिरजेत एक वयस्क डॉक्टर आहेत, त्यांनी त्याला पाळण्यात असल्यापासून पाहिलंय. १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वानलेसांनी रुग्णालय काढलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचंच गाव. तिथल्या डॉक्टरांना चार जिल्ह्यांच्या बोली कळतात. एका व्हिडिओ-तपासणीत आम्ही त्यांना तिसऱ्या चौकटीत बसवलं. त्यांनी भावाची भाषा इथल्या डॉक्टरांना उलगडून सांगितली आणि त्याच्या लहानपणीच्या हृदयाच्या तपासणीची आठवणही दिली. प्रत्यक्ष तपासणीत हे घडवून आणायचं तर त्या सत्तरी उलटलेल्या गृहस्थांना रात्रभर रेल्वेत बसवावं लागलं असतं. बंगळुरूत, हैदराबादेत, इंदुरात, बडोद्यात राहणाऱ्या किती मराठी घरांत असे भाऊ, बहिणी, काका असतील, ज्यांचं दुखणं फक्त मराठीतच बोलतं!

तेव्हा आता कामाचं बोलू.

पालकहो, भावंडांनो, पहिली जबाबदारी आपली. व्हिडिओची वेळ ही डॉक्टरांची वेळ आहे, गप्पांची नाही. एक वही करा. तिच्यात वजन, झोप, शौच, भूक, फिट्स, पाळी, चालू औषधं आणि ‘तो बरा असतो तेव्हा कसा असतो’ हे एका पानात लिहा. रक्तदाबाचं यंत्र, थर्मामीटर आणि वजनकाटा घरात ठेवा. दर सहा महिन्यांनी त्याचं चालणं, जेवणं, बटणं लावणं यांचं दोन मिनिटांचं चित्रण करून जपून ठेवा. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली पालकत्वाचा दाखला घेतला असेल तर त्याची प्रत, दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड आणि जुने अहवाल हाताशी असू द्या. निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत विमा मिळतो आणि त्यात बाह्यरुग्ण उपचारही बसतात. ती घेतली नसेल तर घ्या आणि व्हिडिओ-सल्ल्याची पावती प्रत्येक वेळी मागा. आणि काहीही झालं तरी त्याला समोर बसवा. डॉक्टरांना प्रश्न त्यालाच विचारू द्या, उत्तराला वेळ लागला तर मध्ये तोंड घालू नका. मी पहिलं वर्षभर घालत होते. डॉक्टरांनी एकदा हात वर करून मला थांबवलं, तेव्हा कळलं की भावाला स्वतःच्या पोटाबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुसरं, तोंडी विनवण्या करू नका, लेखी मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पंचविसावं कलम आरोग्यसेवेबद्दल आहे आणि दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने सेवा मिळावी यासाठी वाजवी सोयी करून देणं हे त्या कायद्याचं मूळ सूत्र आहे. जिन्याला उतार लागतो तसा माझ्या भावाला व्हिडिओ लागतो. दहा रुग्णांनी फोनवर कुरकुर केली तर ती स्वागतकक्षातच विरते. दहा सह्यांचा अर्ज व्यवस्थापनाच्या टेबलावर जातो.

पालक संघटनांनो, तुमच्याकडे घरांपलीकडची ताकद आहे. बदलापूरची ‘आधार’, डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेचं ‘घरकुल’ ही पालकांनी स्वतः पुढे होऊन उभी केलेली प्रौढांची घरं. जिथे अशी माणसं एकत्र राहतात किंवा रोज कामाला येतात, तिथे एक शांत खोली, एक मोठा पडदा आणि आठवड्यातून ठरलेली दोन तासांची वेळ एवढं पुरतं. एका डॉक्टरला एका बैठकीत सहा रुग्ण पाहता आले तर त्याचाही वेळ सत्कारणी लागतो. पडद्याला ही माणसं बुजतील ही शंका तर बंगळुरूनेच कधीची खोडून काढली आहे. इथली ‘अंबा’ ही संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना संगणकावर डेटा-एन्ट्रीचं काम शिकवते आणि आधी शिकलेलेच पुढच्यांना शिकवतात. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळासारख्या आपल्या मंडळांनी महिन्यातून एक सकाळ दिली आणि मराठी-कन्नड दोन्ही नीट येणारे चार स्वयंसेवक दिले, तर दुभाष्याचा प्रश्न निम्मा सुटेल. गणेशोत्सवातली एक स्पर्धा कमी झाली तरी चालेल.

डॉक्टरांनो, तुमच्याकडे हात जोडून मागणं आहे. आठवड्यातले दोन तास. फक्त जुन्या, तुम्ही प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णांसाठी. पूर्ण फी घ्या, वेळ पाळली नाही तर नाव कापा, शंका आली की समोर बोलवा. पण ‘घेऊनच या’ हा सरसकट नियम करू नका. आम्ही त्याला घेऊन येतो तेव्हा अर्धा माणूस घरीच राहिलेला असतो.

आणि सरकारला. ई-संजीवनी ही केंद्राची सेवा २०१९ पासून आहे, २०२० च्या एप्रिलपासून घरबसल्या बाह्यरुग्ण सल्लाही देते. २०२३ च्या फेब्रुवारीत तिने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली टेली-मानस निम्हान्सच्या देखरेखीखाली १४४१६ या क्रमांकावर वीस भाषांत चालते. रस्ता तयार आहे, त्यावर आमच्यासाठी एक थांबा हवा. या सेवांमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी ठरलेला वार आणि त्यांना ओळखणारे डॉक्टर द्या. बंगळुरूच्या वॉर्डावॉर्डांत ‘नम्म क्लिनिक’ निघाली आहेत, मुंबईत ‘आपला दवाखाना’ आहे. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या अशा ठिकाणी परिचारिकेने वजन, रक्तदाब, रक्ताचा नमुना घ्यावा, कानात-तोंडात बॅटरी टाकून पाहावं आणि तज्ज्ञाने पडद्यावरून सांगावं. ई-संजीवनीचा पहिला आराखडा असाच होता, गावातलं आरोग्य केंद्र एका टोकाला आणि तज्ज्ञ दुसऱ्या. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या चौदा वर्षांवरील प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण तपासणी मिळते. आपण ती घराजवळ आणि पडद्याच्या मदतीने देऊ शकतो.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या शहरात पाण्याची, रस्त्यांची रडगाणी असताना हे कुठलं खूळ? त्यांनी एकदा मंगळवारी पावणेचारला बनशंकरी मेट्रो स्टेशनाबाहेर उभं राहावं. गर्दीत कुठेतरी एखादी म्हातारी आई फुटपाथवर बसलेल्या पन्नाशीच्या मुलाला उठवत असेल. तिच्या पिशवीत टोकनाची चिठ्ठी असते. मुलाला काय होतंय हे तिला अर्धवट कळलेलं असतं आणि डॉक्टरांना आज तेवढंही कळणार नसतं. आई ऐंशीची झाली की ही फेरी थांबते. फेरी थांबली की औषध थांबतं. ही सोय गेली तर आधी नुकसान होणार ते याच घरांचं, आणि त्याचा आवाजही होणार नाही.

आम्ही अर्ज केला आहे. मजकूर चार ओळींचा: ‘आमचा रुग्ण प्रौढ आहे. गर्दीत त्याची खरी अवस्था कळत नाही. सहा महिन्यांतून एकदा आम्ही त्याला प्रत्यक्ष आणू. मधल्या काळात पूर्वीप्रमाणे व्हिडिओवर तपासावं, ही विनंती.’ खाली माझी सही, आणखी अकरा घरांच्या सह्या. भावाला मी अर्ज वाचून दाखवला. त्याने सगळं ऐकून घेतलं, पेन मागितलं आणि इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला, कारण डॉक्टरांचं काम असलं की शर्ट इस्त्रीचाच लागतो. नाव छापू नको म्हणणाऱ्या त्या माणसाने अर्जावर आपलं पूर्ण नाव एकेक अक्षर कोरत लिहिलं. त्याला चार मिनिटं लागली.

तुम्हाला त्याहून कमी लागतील.